ट्रॉली कुजली ती माझ्याच हाताने

बीड जिल्ह्यात गाडी गंजण्याची भीती कुणाला वाटत नाही. समुद्र कोसो दूर, वर्षाचा पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर आला. कोकणात नोकरीला असलेले पाहुणे मोटारसायकलच्या गंजाचं रडगाणं गायचे, तेव्हा आम्ही हसायचो. आमच्याकडं उन्हात चाळीस वर्षं पडून राहिलेली मोट अजून ओळखू येते. अशा कोरड्या मुलखात लोखंड कुजतं, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझ्या ट्रॉलीचा तळ मात्र कुजला. शेजारच्या अण्णांनी माझ्याबरोबरच ट्रॉली बनवून घेतली होती. पत्रा एकाच दुकानातला, वेल्डर एकच, चॅनलही त्याच मापाचे. त्यांची ट्रॉली आजही दिवाळीपासून ऊस ओढते आहे. माझ्या ट्रॉलीचा तळाचा पत्रा, आडवे चॅनल आणि पुढची दांडी बदलावी लागली. म्हणजे जुनं असं फारसं काही उरलंच नाही. पहिली काही वर्षं मी दुकानदाराला दोष दिला, मग पत्र्याला, मग वेल्डरला. आता दोष द्यायला मीच उरलो आहे, म्हणून कुठं काय चुकलं ते सांगतो.

अण्णांची ट्रॉली फक्त ऊस, माती आणि घरचं धान्य वाहायची. माझी भाड्यानं फिरायची. मेअखेरपासून जुलैपर्यंत कृषी केंद्राच्या गोदामातून खताची पोती, पावसाळा संपला की कोंबडखत, मग कारखान्याकडं ऊस आणि येताना कधी प्रेसमड. रिकामी फेरी मारायची नाही, हा माझा नियम होता. धंद्याच्या दृष्टीनं तो चुकीचा नव्हता. चूक पुढं होती. कोणता माल चढवतो, याचा लोखंडाशी काही संबंध असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. माल म्हणजे वजन, एवढीच माझी समज.

हमाल पोतं आकडा लावून उचलतात. आकड्यानं पोत्याला भोक पडतं आणि ओंजळभर खत तळावर सांडतं. युरियाचे पांढरे दाणे, पोटॅशचे तांबूस खडे, मिश्रखताचे करडे गोळे कोपऱ्यात, पत्र्याच्या जोडात, फाळक्याच्या बिजागरीत जाऊन बसतात. मी ते कधी झाडलं नाही. कोरडं आहे, उद्या दुसरा माल चढला की त्याच्याबरोबर जाईल, असं म्हणायचो. उलट खालचा पत्रा घासू नये म्हणून तळावर जुनं गोणपाट अंथरायचो. मला वाटायचं, केवढी काळजी घेतो आपण ट्रॉलीची! गोणपाटानं खताची भुकटी धरून ठेवली, ओल धरून ठेवली आणि दोन्ही पत्र्याला चिकटवून ठेवली.

पोटॅश म्हणजे काय, हे मी वयाच्या पन्नाशीत समजून घेतलं. शेतात आयुष्यभर टाकलं, पण पोत्यावरचं नाव वाचलं नव्हतं. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराईड. जेवणातलं मीठ सोडियम क्लोराईड. दोघांत क्लोराईड तेच. पोटॅशच्या वजनात जवळपास निम्मं, सुमारे 47 टक्के, क्लोरीनच असतं. मिश्रखतातलं पालाशही बहुतेक वेळा याच पोटॅशमधून येतं. म्हणजे समुद्रापासून एवढ्या लांब राहून मी दर हंगामात ट्रॉलीला मिठाचा लेप लावत होतो.

कोरडं असेल तर काय बिघडतं, हा माझा दुसरा गैरसमज. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. खतही तेच करतं. प्रत्येक खताची एक मर्यादा असते. हवेतला दमटपणा तिच्या वर गेला की खत हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. तीस अंश तापमानाला युरियाची ही मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळपास आहे आणि पोटॅशची चौऱ्याऐंशीच्या. पण युरिया आणि पोटॅश एकत्र मिसळले की ती साठीच्या आसपास उतरते. माझ्या ट्रॉलीच्या कोपऱ्यात तर सगळ्याच खतांची मिसळ असायची. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा थेंब पडला नाही तरी ढगाळ हवेत ती मिसळ ओली व्हायची. सकाळी कोपऱ्यात चिकट डाग दिसायचे. रात्री दव पडलं असेल, असं मी समजायचो.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. गंजण्याच्या क्रियेत लोखंडाच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बारीक वीजप्रवाह वाहतो. साध्या पाण्यातून तो सावकाश वाहतो, मिठाच्या पाण्यातून जोरात. शिवाय क्लोराईड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही, खड्डे पाडत आत शिरतं. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्डिंग केलेलं असेल तर मधला गंज फुगून पत्रे फाकवतो, फटीत आणखी पाणी जातं. माझ्या ट्रॉलीच्या तळाला जोडाजोडावर फुगवटे आले होते. मी ते हातोड्यानं ठोकून सपाट करायचो आणि काम झालं म्हणून हात झटकायचो.

पावसाळ्यात ट्रॉली उघडी राहू नये म्हणून मी तिच्यावर ताडपत्री बांधून ठेवायचो. ओली ट्रॉली, आत खताची भुकटी, वरून घट्ट ताडपत्री. अण्णांची ट्रॉली बाभळीखाली उघडीच असायची. पाऊस तिच्यावरून धुऊन जायचा आणि ऊन पडलं की ती तासाभरात कोरडी व्हायची. माझी आठ-आठ दिवस आतून घाम सोडत राहायची. अण्णा एकदा म्हणालेही, “कशाला एवढं झाकून ठेवतो रे, लग्नाची नवरी आहे का ती?” मी त्यांच्याकडं निष्काळजी माणूस म्हणून पाहिलं.

धुण्याच्या बाबतीत तर मी हट्टानं चुकलो. कोंबडखत उतरवल्यावर वास सहन होत नाही, तेव्हा ट्रॉली धुवावीच लागायची. मी बोअरची मोटार चालू करायचो आणि पाइप धरून आतून पाणी मारायचो. खालून कधीच नाही. खालून धुवायचं म्हणजे चिखलात लोळायचं, आणि खाली बघतो कोण? आतलं सगळं विरघळून जोडांतून खाली उतरायचं, आडव्या चॅनलच्या कुशीत साठायचं आणि तिथंच वाळायचं. पाणी जाण्यासाठी तळाला ठेवलेली भोकं पाचटानं आणि मातीनं कधीच बुजून गेली होती. ती उघडायला एक खिळा पुरला असता.

त्यात बोअरचं पाणी. दुष्काळात आम्ही खोल खोल गेलो. 2012-13 साली गेलो, 2015-16 ला त्याहून खोल गेलो. पाणी लागलं, पण तोंडात धरवेना. त्या पाण्यानं धुतलेली ट्रॉली वाळली की पांढरी दिसायची. आता इथं एक फरक समजून घ्यायला हवा. भांड्यावर चढणारा चुन्याचा थर आणि खारेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुन्याचा थर पत्र्याला तितकासा खात नाही. क्लोराईड जास्त असलेलं पाणी खातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराईडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत. आपल्या बोअरचं पाणी कुठं बसतं, हे तपासून मिळतं. मी पिकासाठी मातीचा नमुना अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्रात नेला होता. त्याच पिशवीत पाण्याची बाटली टाकायला काय हरकत होती? सुचलंच नाही. खतानं गंजलेली ट्रॉली मी खाऱ्या पाण्यानं धूत होतो आणि आपण निगा राखतो, असं समजत होतो.

सगळ्यांत मोठी चूक दसऱ्याची. खंडेनवमीला गावात सगळ्या गाड्या धुतल्या जातात, रंगवल्या जातात, झेंडूचे हार चढतात. माझी ट्रॉली दर दसऱ्याला नवी कोरी दिसायची. लाल रंग, पिवळी पट्टी, फाळक्यावर देवाचं नाव. आदल्या दिवशी गंजावर पॉलिश पेपर जेमतेम फिरवायचा आणि वरून एक हात मारायचा. रंगाखाली क्षार राहिले की ते रंगाच्या आत पाणी ओढून घेतात. महिन्या-दोन महिन्यांत रंगाला फोड येतात, फोड फुटले की आत तांबडा भुगा. मला वाटायचं, रंग हलका निघाला. पुढच्या दसऱ्याला जास्त महाग रंग आणायचो. पावसाळा संपून ऊन कडक होतं, ट्रॉली खरवडून, धुऊन, वाळवून घ्यायला वर्षातला सर्वांत चांगला काळ हाच. तो मी दरवर्षी गंज झाकण्यात घालवला.

कुणीतरी सांगितलं, खालून जळकं ऑईल मारा, गंज येत नाही. मारलं. आमच्या काळ्या मातीची धूळ त्याच्यावर अशी बसली की चॅनलवर जाड थर तयार झाला. त्या थरात खताची भुकटीही मिसळली आणि पावसाळाभर तो ओला राहिला. ऑईल रबरी नळ्यांवर गेलं, त्या फुगल्या. उरलेलं टपटप करत अंगणात सांडलं, तिथं पुढं गवत उगवेना. शहाणपण उसनं घेतलं की व्याज असं जातं.

एवढं सगळं होऊनही मला जाग आली ती धारूरच्या घाटात. तेलगावकडून धारूरला चढताना हा घाट किती अरुंद आहे, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ट्रॉलीत सोयाबीनची पोती होती. चढावर ट्रॅक्टरला हिसका बसला आणि मागून करकर असा आवाज आला. पुतण्या उडी मारून उतरला, त्यानं चाकाखाली दगड लावले. मी खाली वाकून पाहिलं. दांडी जिथं पुढच्या चॅनलला जोडली आहे, तिथं वेल्डिंगच्या कडेनं चॅनल खालून फाटला होता. वरचा लाल रंग शाबूत. दसऱ्याचा. त्यावर एक ओरखडा नव्हता. बोटानं दाबलं तर रंग आत गेला, कारण रंगाच्या मागं लोखंड नव्हतं, बिस्किटासारखे पापुद्रे होते. आणखी थोडा चढ असता तर ट्रॉली सुटून मागच्या गाड्यांवर गेली असती. मागं लेकराबाळांनी भरलेला टेम्पो होता. दोन्ही बाजूंनी वाहनं अडली, लोक हॉर्न वाजवत होते, शिव्याही देत होते. त्या शिव्या माझ्याच होत्या, मी त्या ऐकून घेतल्या.

मिस्त्रीनं ट्रॉली उलटी करून घेतली आणि हातोडा घेऊन एका टोकापासून ठोकत निघाला. चांगल्या ठिकाणी ठण्ण वाजायचं, कुजलेल्या ठिकाणी थप्प. थप्पच जास्त. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आडव्या चॅनलच्या कुशीत टेकवून फक्त दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढताना तांबड्या भुग्याबरोबर ओली काळी माती आली, तिच्यात पोटॅशचा न विरघळलेला खडा होता. मी म्हणालो, “मिस्त्री, वरून पट्टी मारून भागणार नाही का?” तो म्हणाला, “मालक, पट्टी मारीन हो, पण वेल्डिंगनं धरायचं कशाला? आत लोखंड तर पाहिजे.” याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी अशाच पट्ट्या मारून घेतल्या होत्या. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा, म्हणजे दोन पत्र्यांत आणखी एक फट. ती चूकही त्या दिवशी उघडी पडली.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, “मामा, तुमची ट्रॉली बीडमध्ये नाही, डेट्रॉइटमध्ये फिरत होती.” तिथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ गोठू नये म्हणून मीठ टाकतात. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. डेट्रॉइट शहराच्या खाली तर हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे. गाड्यांच्या चाकांनी उडालेलं ते खारं पाणी खालच्या कडांत, चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या लोखंडी नळ्यांत जाऊन बसतं. बर्फ वितळवायला काही ठिकाणी पोटॅशियम क्लोराईडही वापरतात, म्हणजे आपलं पोटॅशच. आणि काही राज्यांत मिठाच्या पाण्यात बीटपासून साखर काढल्यावर उरलेला रस मिसळतात, मीठ रस्त्याला चिकटून राहावं म्हणून. साखर कारखान्याचा माल तिथंही रस्त्यावर येतो, हे ऐकून मला गंमत वाटली.

पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या वर्मी लागली. पहिल्या हिवाळ्यात त्यानं गाडी जपायची म्हणून उबदार गॅरेजमध्ये उभी करायला सुरुवात केली. शेजाऱ्यानं त्याला सावध केलं. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खारा बर्फ गोठलेला असतो, गंज हळू चालतो. उबेत बर्फ वितळतो, खारं पाणी फटीत शिरतं आणि गंज धावायला लागतो. न धुता आत लावलेली गाडी लवकर कुजते. माझी ताडपत्री म्हणजे हेच. तिकडचे लोक हिवाळाभर गाडी खालून धुऊन घेतात. तिथल्या धुण्याच्या ठिकाणी जमिनीतून वर पाण्याचे फवारे सोडायची सोय असते. धुणं म्हणजे खालून धुणं, हे त्यांना कळलं आहे. आम्ही फाळक्यावरचं देवाचं नाव धुतो.

माझी अडचण अशी की आमच्याकडं पाणीच नाही. माणसाला टँकर लागतो तिथं ट्रॉलीला गोडं पाणी कुठून आणायचं? हीच सबब मी इतकी वर्षं स्वतःला दिली होती. उत्तर साधं निघालं. आधी कोरडं काढायचं. खत उतरलं की त्याच संध्याकाळी, हवेतली ओल चढायच्या आत, खराट्यानं आणि जुन्या रंगाच्या ब्रशनं कोपरे झाडायचे. खिळ्यानं तळाची भोकं मोकळी करायची. पंक्चरवाल्याकडं हवा भरायला थांबलंच तर त्याच नळीनं चॅनलच्या कुशीत आणि बिजागरीत वारा मारायचा. बहुतेक क्षार असे कोरडेच निघून जातात, मग उरलेल्यासाठी पाणी फार लागत नाही.

ते पाणी मात्र गोडं पाहिजे. पत्र्याच्या छपराचं पावसाचं पाणी मी आता एका टाकीत धरतो. कालवा चालू असेल तर कालव्याचं. फवारणीच्या एचटीपी पंपानं खालून मारलं की दोन-तीन घागरींत काम होतं. पंप तणनाशकाचा असेल तर तो आधी नीट धुऊन घ्यायचा, नाहीतर ते पाणी जिथं पडेल तिथलं झाड जळेल. धुऊन झालं की ट्रॉलीचं तोंड उतारावर करून उन्हात उघडी ठेवायची. ताडपत्री कोरड्या ट्रॉलीवरच बांधायची. गोणपाट बंद. खताखाली अंथरायचंच असेल तर प्लॅस्टिकचं, आणि माल उतरला की तेही काढून झटकायचं.

रंगाचंही वेळापत्रक बदललं. पावसाळा संपल्यावर गंज तारेच्या ब्रशनं किंवा ग्राइंडरला तारेचं चाक लावून चकाकी दिसेपर्यंत काढायचा. मग गोड्या पाण्यानं धुवायचं, कारण खरवडलेल्या लोखंडावर क्षार राहिले तर सगळी मेहनत वाया. दिवसभर ऊन द्यायचं. रेड ऑक्साईडचे दोन हात, कडा आणि वेल्डिंगची रेघ सोडायची नाही, मग वरचा रंग. खालच्या बाजूला आधी, दिसणाऱ्या बाजूला नंतर. दसऱ्यापर्यंत नाही झालं तर हार गंजलेल्या ट्रॉलीला घालायचा, त्यानं देव रागावत नाही. आणि वर्षातून एकदा, ऊस सुरू व्हायच्या आधी, दांडीपासून मागच्या चॅनलपर्यंत हातोड्यानं ठोकून आवाज ऐकायचा. थप्प वाजलं तर तो तुकडा कापून नवा घालायचा, वरून पट्टी मारायची नाही.

एवढं करूनही माझ्या नव्या तळाला कुठंकुठं तांबडे ठिपके येतात. भाड्यानं खत वाहणाऱ्या ट्रॉलीला ते येणारच. पण आता ते मला दिसतात, आणि दिसतात तेव्हा त्यांना ब्रश लागतो, रंग नंतर. ज्यांच्याकडं खत, कोंबडखत, प्रेसमड वाहणारी ट्रॉली किंवा पिकअप आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली जा आणि पुढच्या चॅनलची कूस बोटानं दाबून बघा. रंग दाबला गेला तर उद्या माल चढवू नका. भाडं बुडेल ते बुडू द्या. घाटात मागं दुसऱ्याची लेकरं असतात.